साठ पिशव्यांचा नकाशा

चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची, हा माती तपासणी केंद्रातला पहिला नियम होता. मॅडमशी खोटं बोलायचं नाही, हा दुसरा. ढेकळ्याने पहिला नियम सोमवारी मोडला आणि दुसरा मंगळवारी. क्रम तरी त्याने नीट पाळला.

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहत होतं. ढेकळ्या हे नाव ताईने ठेवलेलं. ती त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. तो चार वर्षांचा असताना ती त्याला बांधावर बसवून शेतात कामाला जायची, आणि संध्याकाळी येऊन बघावं तर हा तिथेच, तसाच, मातीच्याच रंगाचा. शिवाय पावसाची सर आली की ढेकळासारखा विरघळायचा, म्हणजे रडायचा. पुढे तो केंद्रात मातीचे नमुने काढायच्या नोकरीला लागला तेव्हा ताई म्हणाली, ढेकूळ शेवटी ढेकळांतच गेलं. आणि तिने त्याला एक शाईचं पेन दिलं. निळं, टोपणाला सोनेरी कडी असलेलं. पुढचा सगळा घोळ त्या पेनाने घातला. निदान ढेकळ्याचं मत असं होतं. पेनाला कुणी विचारलं नाही.

केंद्रामागची उताराची जमीन यंदाच केंद्राच्या ताब्यात आली होती. वरच्या अंगाला औजारांची शेड आणि पाण्याची उंच टाकी, खालच्या अंगाला ओढा. मॅडमनी तिचे साठ चौकोन पाडले होते. उतारावर वरून खाली दहा ओळी, एका ओळीत सहा चौकोन, प्रत्येक चौकोन दहा पावलं लांब नि दहा पावलं रुंद. प्रत्येकात गिरमिटाने पाच ठिकाणी हातभर खोल भोकं पाडायची, पाचही ठिकाणची माती बादलीत एक करायची, त्यातली ओंजळभर कापडी पिशवीत घालायची. चौकोनाच्या आकड्याची एक चिठ्ठी पिशवीत, एक पिशवीच्या तोंडाला. एवढं करायला अक्कल लागत नाही, पाठ लागते. ढेकळ्याला पाठ होती.

सोमवारी पहिल्याच चौकोनात पेन्सिलीचं टोक मोडलं. चाकू कचेरीत होता आणि कचेरी उताराच्या पार खाली होती. पेन खिशात होतं.

शेवटची पिशवी भरून झाली आणि सर आली. ढेकळ्या शेडमध्ये पळाला. पिशव्यांची टोपली पळाली नाही. दहा मिनिटं पाऊस पडला आणि मग आपण काहीच केलं नाही असा चेहरा करून निघून गेला.

मंगळवारी त्याने चिठ्ठ्या उघडल्या. एकशेवीस चिठ्ठ्यांवर एकही आकडा नव्हता. प्रत्येकीवर निळा ढग मात्र सुरेख उतरला होता, एखाद्या ढगाला तर कडाही होत्या.

पुन्हा साठ चौकोन, तीनशे भोकं, म्हणजे आणखी एक पूर्ण दिवस. आणि नमुने त्याच दिवशी दुपारी द्यायचे होते. मॅडमना जाऊन सांगावं, तर मॅडम ओरडत नसत. ओरडणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, ओरडून झालं की संपतं. मॅडम नुसतं ‘बरं’ म्हणत. त्यांची तीन प्रकारची बरं होती. पहिल्या बऱ्यावर माणूस कामाला लागायचा, दुसऱ्यावर रजेवर जायचा. तिसरं बरं ढेकळ्याच्या आधीच्या नमुनेवाल्याला मिळालं होतं आणि त्यानंतर तो कुणाला दिसला नव्हता. तो दुसऱ्या गावी बदली होऊन मजेत होता, पण हे ढेकळ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा त्याने दार लावलं आणि साठही पिशव्या फरशीवर मांडल्या. प्रत्येकीतली चिमूटभर माती तळहातावर घेऊन थोडी ओली केली आणि अंगठ्याने चोळून पाहिली. काही खरखरीत होत्या, काही मऊ, काही अशा चिकट की अंगठा सुटेना. खरखरीत एका टोकाला, चिकट दुसऱ्या टोकाला, असं करत त्याने साठांची रांग लावली. मग पुस्तकात आहे तेच केलं. पाऊस पडतो, पाणी उतारावरून वाहतं, जाताना बारीक माती घेऊन जातं. म्हणून वर खरखरीत उरते आणि खाली चिकट साठते. पाणी काही कुठे चढावर जात नाही. खरखरीत पिशव्यांना त्याने वरच्या ओळींचे आकडे दिले, चिकट पिशव्यांना खालच्या. या वेळी पेन्सिलीने. पेन्सिलीला टोक काढताना त्याला आपण फार जबाबदार माणूस आहोत असं वाटलं.

आठवड्याने नकाशा तयार झाला. वर फिका पिवळा, खाली गडद तपकिरी, मधे एकातून दुसरा रंग अलगद उतरत गेलेला. मॅडम नकाशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, तीस वर्षांत इतकी शहाणी जमीन आपण पाहिली नाही. चाळणीमावशी मागे उभी होती. नमुन्यांची माती वाळवून कुटून चाळणं हे तिचं काम, आणि पंचवीस वर्षं चाळून चाळून ती बोलायचीही तशीच, बारीक तेवढंच खाली सोडायची.

“शाळेतली पोरं उंचीप्रमाणे उभी करावीत तशी आहे की रे ही माती,” ती म्हणाली.

ढेकळ्या हसला. हसताना त्याला आपले दात मोजता आले, कारण ते एकमेकांवर वाजत होते.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती आणि ढेकळ्या एक चुकीचा नकाशा उराशी बाळगून सुखाने म्हातारा झाला असता. पण गुरुवारी ताई आली.

ताई आली ती घेवड्याचं बियाणं घेऊन. हा घेवडा तिचा स्वतःचा. नऊ वर्षांपूर्वी तिच्या शेतात एका वेलाला तांबड्या ठिपक्यांच्या शेंगा आल्या होत्या, आणि शेजारचे सगळे वेल रोगाने बसले तरी तो एक उभा होता. त्याचं बी तिने राखलं. दर वर्षी पेरायचं, त्यातले सगळ्यांत धट्टेकट्टे वेल निवडायचे, बाकीचे उपटायचे. नऊ वर्षांत पोत्याचा तळ झाकेल एवढं बियाणं झालं होतं. मॅडमनी ते पाहिलं आणि सांगितलं, केंद्राच्या जमिनीवर बारा चौकोनांत पेरून दाखव, उतरलं तर या वाणाची नोंद करू. बारा म्हणजे पूर्ण बारा. ताईने मोजून पाहिलं तर बाराच चौकोनांना पुरेल इतकं बी होतं. घरी ठेवायला मूठभरही उरत नव्हतं. ती दोन दिवस विचार करत राहिली आणि तिसऱ्या दिवशी सगळंच घेऊन आली.

कुठले बारा, ते तिने ठरवायचं होतं. यंदा पाऊस दणकून आहे असा अंदाज होता आणि घेवड्याला पायात पाणी साचलेलं सोसत नाही, दोन दिवसांत मुळं कुजतात. म्हणजे पाणी झटकन खाली सोडणारी खरखरीत माती हवी. मॅडमनी नकाशा पुढे सरकवला. ताईने त्याच्याकडे धड पाहिलंही नाही.

“याने काढलेली माती आहे ना,” ती म्हणाली, “मग बघायचं काय त्यात. वरच्या दोन ओळी द्या.”

ढेकळ्या तेव्हा दाराशी उभा होता. तो तसाच दाराला टेकून राहिला, आणि मॅडमना वाटलं तो दार धरून ठेवतोय, म्हणून त्या थँक्यू म्हणाल्या.

ताई त्याच्याच खोलीवर उतरली. बियाणं पलंगावर पसरलं, वर जुनी चादर घातली. पलंगावर बियाणं, सतरंजीवर ताई आणि दाराजवळच्या फरशीवर ढेकळ्या, असा मानपान ठरला. ती बसल्या बसल्या एकेक बी उचलून पाहायची, चिरलेलं, किडकं बाजूला काढायची, आणि बोलायची ते घरचं. आई आता कानाने कमी ऐकते, पण आपल्याबद्दल बोललेलं बरोबर ऐकते. भाऊजींनी बियाणं सगळं नेऊ नकोस म्हणून तीनदा सांगितलं. ताई त्यांना म्हणाली, माझा भाऊ आहे तिथे.

ढेकळ्याने सांगायचं ठरवलं. खरोखर ठरवलं. न्हाणीघरात बादलीसमोर उभं राहून त्याने वाक्य घोटलं. ‘ताई, एक गंमत झाली’ अशी सुरुवात त्याला बरी वाटली. बादली गप्प राहिली. ‘ताई, समजा एखाद्या माणसाच्या हातून’, ही दुसरी. समजा म्हटलं की ताई कधीच काही समजायची नाही, ती सरळ कोण तो माणूस असं विचारायची. बाहेर येऊन त्याने तोंड उघडलं, आणि ताईने त्याच्या हातावर एक ठिपक्याचं बी ठेवलं. बघ किती वजनदार आहे, म्हणाली. त्याने बघितलं. वजनदार होतं. तो पुन्हा न्हाणीघरात गेला.

त्याने मनाची समजूत काढली की पुस्तक खोटं कसं असेल. पाणी खालीच जातं. आपला अंदाज साठात दहा-बारा चौकोनांनी चुकला असेल, पण वरची माती खरखरीतच असणार. ही समजूत शुक्रवारी दुपारपर्यंत टिकली.

शुक्रवारी दुपारी चाळणीमावशीने त्याला हाक मारली. चाळताना खड्यांबरोबर जे चमत्कारिक सापडेल ते ती खिडकीतल्या काचेच्या बरणीत ठेवायची. गुंड्या, एक दात, खेळण्यातलं चाक. आज बरणीशेजारी कागदावर तिने छोटे छोटे शंख मांडले होते, गोल, चपटे, नखाएवढे.

“नऊ पिशव्यांत सापडले,” ती म्हणाली. “नऊच्या नऊ पिशव्यांवर तू खालच्या ओळींचे आकडे घातलेत.”

ढेकळ्या म्हणाला, खाली ओढा आहे, शंख असणारच.

मावशी म्हणाली, ओढ्यातले शंख लांबट असतात. हे साचलेल्या पाण्यातले. मग तिने सगळी माहिती सांगितली, आणि इतक्या थंडपणे की ढेकळ्याला घाम फुटला. ती लहान असताना उताराच्या वर, आता शेड आहे तिच्यासमोर, एक तळं होतं. पोरं त्यात पाय बुडवून बसायची. तिला तिच्या आईने एकदा केसांना धरून त्यातून बाहेर काढलं होतं, ते तिला अजून आठवतं. पुढे जमिनीच्या मालकाने वर्षानुवर्षं गाळ साचलेलं ते तळं बुजवलं, वर बाहेरून आणलेली माती वीतभर पसरली, नांगर फिरवला.

“वरून सगळी जमीन एकसारखी दिसते,” मावशी म्हणाली. “खाली तळं आहे तिथेच आहे. नुसतं पाणी गेलंय त्याचं.”

मग तिने चाळणी खाली ठेवली आणि ढेकळ्याकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं. तो मावशीसमोरच्या स्टुलावर बसला आणि दहा मिनिटांत सगळं सांगून मोकळा झाला. पेन, सर, निळे ढग, अंगठा.

मावशी म्हणाली की ती मॅडमना काही सांगणार नाही, तिचं काम चाळायचं. सांगायचं काम ज्याचं त्याने करावं. त्याने विचारलं, शंख वाहत वाहत खाली गेले नसतील कशावरून. मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं जसं ती खड्यांकडे पाहायची. मग म्हणाली, खात्री करायची तर पाऊस पडून गेल्यावर टाकीवर चढ. सकाळचं ऊन लागलं की जिथे माती खरखरीत तिथे ती झटकन वाळून फिकी पडते, जिथे चिकट तिथे काळी राहते. दोन-तीन तास जमीन आपला नकाशा आपणच काढून दाखवते, मग पुसून टाकते.

टाकीच्या शिडीला बेचाळीस पायऱ्या होत्या. ढेकळ्याला स्टुलावरून उतरतानाही भीती वाटायची.

शनिवारी सूर्य मावळता मावळता पाऊस आला. फार नाही, पण संथ, मुरणारा. ताई खुशीत होती. उद्या सकाळी वरच्या ओळींत पेरायचं, म्हणाली, खरखरीत माती लवकर वाफशावर येते, पेरण्याजोगी होते, आणि दुपारनंतर मोठा पाऊस सांगितलाय, त्याच्या आत बी जमिनीत जायला हवं. ढेकळ्या फरशीवर पडून पाऊस ऐकत होता. प्रत्येक थेंबाबरोबर त्याला वाटत होतं, आता वर ते तळं जागं होत असेल, कूस बदलत असेल. तो ताईला हाक मारणार होता. पण ताई झोपली होती, आणि झोपलेल्या माणसाला उठवू नये असा त्याला अचानक आदर वाटला.

सकाळी तो उठला तेव्हा ताई नव्हती. पलंगही रिकामा होता.

तो धावत केंद्रावर आला आणि शेताकडे न जाता टाकीकडे गेला. आधी बघू, असं तो स्वतःला सांगत होता. कदाचित सगळं ठीक असेल, मग सांगायची गरजच नाही. पहिल्या दहा पायऱ्या तो डोळे मिटून चढला. पुढच्या दहा शिडीला मिठी मारून. तिसाव्या पायरीला शिडी हलते आहे असं त्याच्या लक्षात आलं, मग शिडी नाही, आपण हलतोय असं लक्षात आलं. वरच्या गजाला हाताचा विळखा घालून त्याने डोळे उघडले.

जमिनीने नकाशा काढला होता. खालचा ओढ्याकाठचा भाग, जो त्याने गडद तपकिरी रंगवला होता, तो जवळपास सगळा फिका पडला होता. मधून एक फिका पट्टा तिरका वर आला होता. आणि वर, शेडसमोर, ओळी-चौकोन कशालाही न जुमानता, काळंभोर गोल तळं बसलं होतं. पाणी नव्हतं त्यात, नुसती काळी ओल. पण काठ स्पष्ट होता. एका बाजूला पोरांनी उतरायची जागा असावी तसा थोडा आत वळलेलाही होता. पुरलेलं माणूस उठून अंगणात येऊन बसावं, तसं ते बसलं होतं.

त्या काळ्या गोलात ताई वाकून पेरत होती. दोरी लावून, काठीने भोक पाडून, भोकात दोन बिया. पहिला चौकोन काठाबाहेरच्या फिक्या मातीत झाला होता. दुसरा आणि तिसरा आत. चौथा चालू होता. टाकीवरून ती बोटाएवढी दिसत होती, आणि मागे, डोंगरावर, दुपारनंतरचा पाऊस सकाळीच येऊन उभा राहिला होता.

ढेकळ्याने वरून हाक मारायचा प्रयत्न केला. नुसता एक आवाज निघाला. शेडवरचं कबुतर उडालं. ताईने कबुतराकडे पाहिलं आणि पुन्हा वाकली.

उतरताना मात्र त्याने पायऱ्या मोजल्या नाहीत.

तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या चपलांना इतका चिखल चिकटला होता की तो दोन इंच उंच झाला होता. ताई म्हणाली, बरा आलास, हे टोक धर दोरीचं. त्याने दोरी धरली. धरून तसाच उभा राहिला.

“ताई, थांब. हा नकाशा खोटा आहे. मी केलाय तो.”

तिने काठी वर केली नाही, खालीही घातली नाही. तो बोलत गेला. बादलीसमोर घोटलेल्यातलं एकही वाक्य वेळेवर कामाला आलं नाही. शेवटी त्याने पायांखालच्या तळ्याबद्दल सांगितलं. ताई खाली बघायला लागली. तिने उजवा पाय उचलला. तळव्याखालून काळा गोळा सुटून चप्प करत खाली पडला.

“सकाळपासून पाय चिकटतोय माझा इथे,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “मला कळत होतं. मी म्हटलं, नाही, याने खरखरीत सांगितलंय म्हणजे कालच्या पावसाने असेल. माझ्या पायापेक्षा तुझ्या पिशवीवर विश्वास ठेवला मी.”

ढेकळ्याला वाटलं, आता ती मारेल. लहानपणी मारायची तशी, दोन फटके आणि मग पाणी प्यायला द्यायची. तिने मारलं नाही, आणि त्याची पाचावर धारण बसली. ती खाली बसली आणि शेवटच्या भोकातून दोन बिया बाहेर काढून पदराला पुसल्या. ओल्या मातीत बी चार-पाच तासांत फुगतं, साल सुटते. फुगलं की ते पुन्हा बी राहत नाही. त्याआधी, आणि पावसाआधी, अडीच चौकोनांतली हजारांवर भोकं उकरायची होती.

ती दोघं गुडघ्यांवर रांगत असताना मॅडम आल्या. शेवाळी रंगाची छत्री, हातात फाइल. त्यांनी विचारलं, पेरणी करताय की उलटी पेरणी? ढेकळ्याने ताईकडे पाहिलं. मीच विचार बदलला, एवढं तिने म्हटलं तरी पुरे होतं. पूर्वी ती नेहमी म्हणायची, काच मी फोडली, बादली मी सांडली.

“तो सांगेल,” ताई म्हणाली आणि पुढच्या भोकाकडे सरकली.

त्याने सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते छोटं झालं होतं, चार वाक्यांत मावलं. मॅडमनी ऐकलं, काळ्या गोलाकडे पाहिलं, डोंगरावरच्या ढगाकडे पाहिलं. तो तिसऱ्या बऱ्याची वाट पाहत होता. ते आलं नाही.

“अजून तासभर ओल दिसेल,” मॅडम म्हणाल्या. “टाकीवर जा. साठ चौकोनांचा कागद देते. काळा कुठे, फिका कुठे, काढून आण. पेन्सिलीने.”

त्याच्या जागी मॅडम साडी खोचून गुडघ्यांवर बसल्या. थोड्या वेळाने चाळणीमावशीही आली, येताना मोठी चाळणी घेऊन. ती रविवारी केंद्रामागच्या आपल्या खोलीतच असायची आणि खिडकीतून तिला सगळं दिसायचं. ढेकळ्या पुन्हा बेचाळीस पायऱ्या चढला. आता डोळे मिटायची सोय नव्हती. एका हाताने गज, एका हाताने पेन्सिल, दातांत कागदाची पाटी. तो एकेक चौकोन काढत होता आणि खाली जमीन एकेक चौकोन पुसत होती. काठ आत सरकत होता. त्याला वाटत होतं, कागद पुरा व्हायच्या आत तळं बुडी मारेल आणि मग पुन्हा आपलाच नकाशा खरा ठरेल. या विचाराने त्याला उंचीपेक्षाही जास्त भीती वाटली, आणि त्या भीतीत तो उंची विसरला.

शेवटचा चौकोन काढला आणि पाऊस आला. सांगून आलेला, दणकून. तो शिडीवरच अडकला, कागद शर्टाच्या आत पोटाशी धरून. खाली तिघीजणी शेडमध्ये पळाल्या, पोतं उचलून. आणि त्याच्या डोळ्यांसमोर ते गोल तळं पहिल्यांदा चमकलं, मग भरलं. वीस मिनिटांत वरच्या दोन ओळींत घोट्याएवढं पाणी उभं होतं. वाऱ्याने त्याच्यावर लाटासुद्धा उठल्या.

तिसरा आणि अर्धा चौथा चौकोन वेचून झाला होता. दुसरा राहिला, तो आत बुडाला.

तीन दिवसांनी, वाफसा आल्यावर, ताईने बाकीचं बियाणं फिक्या पट्ट्यात पेरलं. नकाशा बघून नाही. अनवाणी चालून, प्रत्येक चौकोनात उभी राहून. ढेकळ्या मागून चालत होता, टाकीवरून काढलेला कागद घेऊन. कागद आणि तिचे पाय बहुतेक ठिकाणी जुळले. जिथे नाही जुळले तिथे तिने पायाचं ऐकलं.

मॅडमनी दोन्ही नकाशे कचेरीत शेजारी शेजारी लावले. पहिल्याखाली लिहिलं, ‘पेनाने’, दुसऱ्याखाली, ‘पेन्सिलीने’. काढून कोणाला टाकलं नाही. ढेकळ्या रोज सकाळी त्या दोहोंसमोरून जाऊन हजेरीची सही करायचा. त्यापेक्षा बदली परवडली असती.

पाऊस महिनाभर खळला नाही. बुडालेला दुसरा चौकोन आधी पिवळा झाला, मग तपकिरी, मग त्यात एकोणीस वेल उरले. ढेकळ्या ते रोज मोजायचा. फिक्या पट्ट्यातला घेवडा तरारून वर आला, बघायला लोक यायचे. ढेकळ्याला पहिल्यांदाच नीट झोप लागली.

मग फुलं यायच्या वेळी पाऊस गेला. पाच आठवडे एक थेंब नाही. खरखरीत माती पाणी झटकन सोडते, तसं तिने सोडलंच होतं, आता राखायला काही नव्हतं. फिक्या पट्ट्यात फुलं गळायला लागली, शेंगा बोटाएवढ्याच राहिल्या. आणि वर, तळ्याच्या गाळात पाय रोवून, ते एकोणीस वेल काळेशार हिरवे उभे होते.

ढेकळ्याला हे पाहून आनंद व्हायला हवा होता. तो ताईला घेऊन वर गेला आणि म्हणाला की बघ, म्हणजे तितकं काही चुकलं नव्हतं.

ताईने एक शेंग दाबून पाहिली. “तुला माहीत होतं पाऊस जाणार आहे?”

“नाही.”

“मग यातलं तुझं काही नाही,” ती म्हणाली. “जमिनीचं आहे.”

बियाणं मूळच्या निम्मं भरलं. मॅडमनी सांगितलं की वाणाची नोंद यंदा होणार नाही, पुढच्या वर्षी पुन्हा पेरावं लागेल. पण बी वाचलं होतं. ताईने दोन डबे आणले. मोठ्यात फिक्या पट्ट्यातलं, लहानात तळ्यातलं. लहान डब्यात ओंजळभरच होतं. बुडून वाचलेलं आणि तहान सोसलेलं असं नऊ वर्षांत पहिल्यांदाच निघालं होतं, आणि ती ते बोटांतून पुन्हा पुन्हा सोडत होती.

ढेकळ्याने दोन डब्यांसाठी दोन चिठ्ठ्या लिहून आणल्या होत्या. पेन्सिलीने, ठळक, अक्षर गिरवून. त्याने त्या पुढे केल्या. पुढच्या वर्षी कुठलं बी कुठे पेरायचं हे तिने विचारावं म्हणून तो तीन दिवस उत्तर तयार करत होता, आणि विचारलं तर काय करायचं म्हणून तीन दिवस घाबरलाही होता.

ताईने चिठ्ठ्या घेतल्या, वाचल्या. अक्षर चांगलं आहे, म्हणाली. मग त्या त्याच्याच खिशात घातल्या, पेनाशेजारी. चाळणीमावशीकडून मागून आणलेला एक चपटा शंख तिने लहान डब्यात टाकला, मोठ्यात चिमूटभर वाळू, आणि दोन्ही झाकणं अंगठ्याने दाबून बसवली.